अकरा महिन्यांची बुरशी

भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात की बाथरूममधल्या टाइल्सच्या फटी बघा. इमारत जुनी आणि फटी मात्र पांढऱ्याशुभ्र असतील, तर सावध व्हा. बहुतेक गेल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांवर व्हाइट सिमेंटचा हात फिरवलेला असतो. जुलैत कोपऱ्यात काळे ठिपके उगवतात, आणि आपल्याला वाटतं, आपणच घाणेरडे.

खरं तर यात स्वच्छतेचा भाग थोडा, ओलीचा जास्त. टाइलमध्ये पाणी शिरत नाही; फटीतलं ग्राउट सिमेंटचं, बारीक छिद्रांचं, ते पाणी धरून ठेवतं. साबणाचा थर आणि अंगाचा तेलकटपणा हे बुरशीचं जेवण. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात, त्यांना कुणाचा बापही अडवू शकत नाही. आपल्या हातात उरतं फक्त पाणी. ब्लीचने डाग फिके पडतात. ओल राहिली की ते परत येतात. अ‍ॅसिड तर ग्राउटच खातं. (ही दोन्ही कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. तोही बंद बाथरूममध्ये, बहुधा उकिडव्या बसून फरशी घासणाऱ्या मावशींच्या नाकाशी.) उपाय कंटाळवाणे आहेत: आंघोळीनंतर भिंतीवरून वायपर, एक्झॉस्ट फॅन, भिंतीतला गळका पाइप दुरुस्त करणं, खराब ग्राउट खरवडून नवं भरणं.

शेवटचे दोन करायचे कुणी? महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो, पण अकरा महिन्यांची सवय काही सुटलेली नाही. अकरा महिन्यांच्या माणसाने दुसऱ्याची भिंत का फोडावी? आणि मालकाने तरी का, सिमेंटचा एक हात मारून नवा भाडेकरू मिळत असेल तर? दोघांचाही हिशोब बरोबर आहे. आमच्या धंद्यात याला सर्व्हर रीस्टार्ट करणं म्हणतात. बग पुढच्या शिफ्टवाल्याला.

हिशोबात न धरलेला माणूस म्हणजे हा पुढच्या शिफ्टवाला. त्याच्या घरात दम्याचं मूल असू शकतं, आणि बुरशीने दमा बळावतो. मग मी त्याच्यासाठी पाइप बदलून द्यायचा का? मला नाही वाटत. परक्याच्या भिंतीवर पगार खर्च करणं हे कर्तव्य नव्हे, फार तर औदार्य. पण डाग राहू देणं वेगळं आणि झाकणं वेगळं. राहू दिलेला डाग निदान दिसतो, त्यावरून भाडं कमी करून मागता येतं, नाहीतर दुसरं घर बघता येतं. झाकलेला डाग त्याच्याकडून ही निवडच काढून घेतो. ‘बघून घ्यायचं ना त्याने’ हे वाक्य तेव्हाच चालतं, जेव्हा बघण्यासारखं काही शिल्लक ठेवलेलं असतं.

गोम अशी की दिसणाऱ्या डागाचे पैसे डिपॉझिटमधून जातात. मी महिनाअखेरीस घर सोडतोय. ‘व्हाइट सिमेंट मारून द्या, नाहीतर कापून घेऊ,’ असा एजंटमार्फत निरोप आला. मी मालकांना गळतीचे फोटो पाठवले.

रविवारी एक जोडपं घर बघायला आलं. एजंट हॉलमध्ये बाल्कनीचं कौतुक करत होता. मी बाथरूमचा दिवा लावून कोपरा दाखवला.

“पावसाळ्यात वाढतं का?” तिने विचारलं.

“वाढतं. मागच्या भिंतीतला पाइप गळतो.”

तिने मोबाइलवर फोटो काढला. डिपॉझिटबद्दल अजून फोन आलेला नाही.