गोंदणाचा अधिकार

तुळजापूरच्या किंवा येरमाळ्याच्या यात्रेत पूर्वी गोंदणारी बाई सुयांची जुडी व काजळाची वाटी घेऊन बसे. आज तिच्या जागी विजेचे यंत्र घेतलेला एखादा तरुण आढळतो. अशा यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली ह्याने १८९१ साली घेतले. ‘टॅटू’ हा शब्द तर कॅप्टन कुकच्या लोकांनी १७६९ मध्ये ताहिती बेटावर ऐकला. नाव व साधन नवे असले तरी कातडीखाली काळिमा सोडण्याची क्रिया जुनीच, आणि तिच्या पोटात असलेला प्रश्नही जुनाच. आज मी अंगावर जे कोरून घेतो, ते वीस वर्षांनंतरच्या मनुष्यावर लादण्याचा मला अधिकार काय?

‘देह माझा आहे’ हे उत्तर आमचे विद्यार्थी तत्काळ देतात. उत्तर तेजस्वी आहे. पुरेसे मात्र नाही. करार मोडता येतो, विवाहही कायद्याने सुटतो. फार काय, २०२३ साली आमच्या उस्मानाबादचे सरकारदरबारी धाराशिव झाले. गोंदणास असा राजपत्राचा उपाय नाही.

जुन्या गोंदणात तर संमतीचा पत्ताच नसे. सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात घरातली वडीलधारी बाई घट्ट धरून ठेवी, आणि कपाळी, हनुवटीवर, हातावर ठिपके, तुळस, विंचू उमटत. दागिने, लुगडी सारी इथेच राहावयाची, गोंदण तेवढे बरोबर यावयाचे, ही त्यामागची श्रद्धा. पुढे हातावर नवऱ्याचे नाव येई. जे नाव मुखाने उच्चारणे अमर्याद, ते हातावर उघडे. आणि निरक्षर असल्यास त्या बाईला ते वाचताही येत नसे! वैधव्य आल्यावर कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत. कपाळावरचा हिरवा ठिपका मात्र कोणालाही पुसता आला नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने विधवांच्या ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला. त्या ठिपक्याने आपल्या मुक्या रीतीने तेच काम थोडेबहुत आधीच केले होते, असे मला वाटते.

तरीपण लादलेल्या खुणेचे एवढ्यावरून कौतुक करता येत नाही. बंगाल प्रांतात कैद्यांच्या कपाळी त्यांचा अपराध गोंदण्याची शिक्षा कंपनी सरकारने १८४९ पर्यंत चालविली; आउश्वित्झच्या छावणीत नाझींनी माणसांच्या हातांवर क्रमांक गोंदले. आजीचे गोंदण त्याच जातीचे म्हणणे अन्यायाचे होईल: तेथे मुलगी आपल्या माणसांत घेतली जाई, येथे माणूस माणसांतून बाहेर काढला गेला. तथापि निर्णय दोन्हीकडे दुसऱ्याचाच. आजचा तरुण ती सुई स्वतः बोलावतो, हा फरक लहान नव्हे, आणि मी त्याचे स्वागतच करतो.

परंतु ही स्वेच्छा टिकते किती? २०१८ साली मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले की, शाईचे कण त्वचेतील भक्षक पेशी गिळून धरतात; त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. खूण तीच राहते, वाहणारे बदलतात. विशीत ज्याने जातीचे, पुढाऱ्याचे वा प्रेयसीचे नाव कोरविले, तोही असाच केव्हाच गेलेला असतो; ते ओझे वाहतो दुसराच कोणी.

हे ओझे नुसते कल्पनेतले नाही. सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले आमच्या जिल्ह्यात पुष्कळ. भरतीच्या नियमांप्रमाणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस व पंजाच्या पाठीवर गोंदण चालते. आदिवासींची रूढी सोडल्यास इतरत्र नाही. दंडावरच्या वाघाने नोकरी खाल्ली, असे व्हावयास वेळ लागत नाही. लेसरने शाई फोडता येते; पण त्यास अनेक खेपा लागतात, आणि पैसे गोंदणाहून कितीतरी अधिक.

म्हणून गिऱ्हाइकाच्या अधिकारापेक्षा कारागिराच्या कर्तव्याचा विचार मला अधिक निकडीचा वाटतो. मित्रांच्या भरीस पडून आलेल्या पोरास त्याने ‘पुढच्या यात्रेला ये, तेव्हाही हवे असेल तर काढून देईन’ असे म्हणावे. पण यात्रा चार दिवसांची. परतविलेले गिऱ्हाईक शेजारच्या यंत्राकडे जाते, आणि संध्याकाळी जागेचे भाडे भरावयाचे असते ते ह्यालाच.