वैशाखातला गहू

आई गेल्यावर तिच्या लोखंडी ट्रंकेत जुनी कालनिर्णयं निघाली. एकात एक गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, 1979 पासूनची चौदा वर्षांची. तारखांच्या चौकोनात दुधाच्या खुणा, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे. हे त्या काळी घरोघरी असायचं. माझं लक्ष गेलं ते पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन-तीन शब्दांकडं. फेब्रुवारीत ‘हळद, तूर’. एप्रिलला ‘मिरची, गहू, चिंच’. जूनला ‘वह्या, फी, छत्री एकच’. आणि दिवाळी ज्या पानावर असेल तिथं दर वर्षी एकच नोंद: ‘बोनस – गव्हाचा’.

या शेवटच्या नोंदीचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले. वडील सांगलीजवळ एका साखर कारखान्यात कारकून होते. 1965 च्या बोनस कायद्यात पुढं झालेल्या दुरुस्तीनं कमीत कमी 8.33 टक्के बोनस ठरवून दिला होता, म्हणजे वर्षाला एक तेरावा पगार. तो दिवाळीला हातात पडायचा. आम्हा भावंडांना एकेक कापड, फराळाचं साहित्य आणि आजीला नऊवार झालं की उरलेले पैसे ॲल्युमिनियमच्या डब्यात जायचे. डबा मग उघडायचा थेट वैशाखात, गव्हाची पोती दारात उतरली की. शेजारी दिवाळीला रेडिओ यायचा, आमच्याकडं नाही. त्याचा मला तेव्हा फार राग होता. आपले वडील सगळ्यांसारखेच कमावतात आणि तरी आपल्याकडं दिवाळी अर्धीच का होते, हे आईला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, ‘‘उरलेली अर्धी आखाडात खातो ना आपण.’’

पगार दर महिन्याला सारखा येतो, खर्च मात्र ऋतूनं येतो, एवढं ओळखण्यात तिचं सगळं अर्थशास्त्र आलं. पौष-माघात हळद निघते, नवी तूर येते. फाल्गुन-चैत्रात गहू कापणीला येतो. मिरची त्याच सुमाराला बाजारात ढिगानं पडते, ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला. मग डंकावर नंबर लावून वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून आणायची. आपण ज्याला सरसकट ‘लोकवन’ म्हणतो तो गहू गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला ‘लोक-1’. नावातल्या एकाचा आपल्या बाजारात ‘वन’ झाला. कांद्यालाही असाच हंगाम असतो. चैत्रातला उन्हाळ कांदा पसरून ठेवला तर चार-पाच महिने सहज निघतो, पावसाळ्यातला लाल कांदा टिकत नाही. म्हणून तर नवा माल यायच्या आधी, ऐन नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर कांदा रडवतो. ज्याच्या माळ्यावर वैशाखातला कांदा असतो त्याला त्या महिन्याचं वर्तमानपत्र शांतपणे वाचता येतं.

कोकणात या साठवणीला आगोट म्हणतात. गोव्यात पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांचा, आणि मडगावला त्याच्या नावाचं फेस्तच भरतं. आता कायद्यानं 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पण कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या समुद्रात होडी कोण घालणार? म्हणून सुकट, बोंबील, आमसुलं, मीठ, लाकडं. देशावर भिंतीतलं बळद, कणगी, जमिनीतलं पेव. हे सगळं मुळात पैसे वाचवायला सुरू झालेलं नाही. वाटा बंद होतील, नदी फुगेल, दुकान उघडणार नाही, या भीतीपोटी सुरू झालं. पैसे वाचतात ते त्याचं दुय्यम फळ.

आईची ही रीत आम्ही नवरा-बायकोनं पुण्यात आल्यावरही सोडली नाही. फ्लॅटमध्ये कोठीला जागा करताना सोफा लहान घ्यावा लागला, तोही घेतला. दर वर्षी वैशाखात एक क्विंटल गहू येतो, गच्चीवर ऊन खातो, कडुनिंबाच्या पाल्याच्या थरात कोठीत जातो. तूरडाळीला एरंडेल, चिंचेला मीठ. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत मिरवतही आलो आहे. तरुण जोडप्यांना सांगतही असतो की बाबांनो, आठवड्याला पाच किलोचं पीठ घरपोच मागवता त्यात वर्षाचे किती जातात ते एकदा मांडून बघा.

गेल्या वर्षी वैशाखात पोतं उतरलं तेव्हा आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी घरात होत्या. पंधरा वर्षं येतात. मूळच्या सोलापूरकडच्या. पोत्याचं तोंड त्यांनीच सोडलं, मूठभर गहू तळहातावर घेतला, दोन दाणे दाताखाली फोडले आणि बायकोला म्हणाल्या, ‘‘चांगला वाळलाय. काकू, कितीला पडला ओ?’’

‘‘छत्तीसनं.’’

मावशी काही बोलल्या नाहीत. पोतं रिकामं करू लागल्या. जरा वेळानं सहज म्हणाल्या, ‘‘आमच्या वस्तीतल्या दुकानात चव्वेचाळीस लावतो. त्यात खडं.’’

किलोला आठ रुपये. क्विंटलला आठशे. ज्या बाईला दहा रुपयाची जुडी आठाला मागताना मी भाजीवाल्यापुढं पाहिलं आहे, तिला हा हिशेब कळत नसेल? मी मूर्खासारखं विचारलं, ‘‘मग तुम्ही का नाही घेत एकदम?’’ त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझा प्रश्न पुन्हा ऐकू आला. त्यांच्या आईकडं कणगी होती. गव्हाची पारख माझ्यापेक्षा त्यांना जास्त. रेशनवर माणशी पाच किलो मिळतं ते निम्मा महिना जातं, त्यापुढं जेव्हा जेवढे पैसे हातात येतील तेवढं. तेल वीस रुपयांचं, साखर पावशेर, चहाची पुडी. सगळं सगळ्यांत महाग भावानं. शहाणपण कमी पडत नाही, एकरकमी छत्तीसशे कमी पडतात. माझ्या आईच्या डब्यात ते असायचे, कारण कायद्यानं माझ्या वडिलांना तेरावा पगार होता. हे मी साठी उलटेपर्यंत कधी जोडून पाहिलंच नव्हतं. आईच्या काटकसरीला मी नेहमी तिचा गुण समजत आलो. गुण होताच. पण गुणाला टेकायला आधी काहीतरी लागतं.

त्या रात्री मी वहीत दुसराच एक हिशेब मांडला आणि तो मांडल्याचा मला पश्चात्ताप झाला. मे महिन्यात आम्ही लेकीकडं बंगळुरूला जातो, पंधरा-वीस दिवस. मावशींच्या पाच घरांपैकी चार घरं मेमध्ये अशीच कुठं ना कुठं जातात, कोकणात, हिमाचलात, माहेरी. आणि आपण सगळेच काय करतो? खाडे कापतो. शब्द बघा. घराला कुलूप आम्ही लावायचं आणि खाडा तिच्या नावावर धरायचा. घरटी सरासरी हजार रुपये धरले तरी चार घरांचे चार हजार एकट्या मे महिन्यात जातात. क्विंटलभर गव्हाला लागतात छत्तीसशे. म्हणजे गहू स्वस्त असतो नेमक्या त्याच महिन्यात आम्ही चार घरं मिळून तिच्या कोठीतला गहू काढून घेत होतो आणि सहलीच्या खर्चात ‘तेवढीच बचत’ म्हणून तो मांडत होतो. वर जून लगेच पुढं उभा, वह्या-दप्तरं घेऊन.

आमच्या घरात ही कपात पंधरा वर्षं चालू होती. कुणालाही वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायचं काही कारणच नाही, अशी आमची समजूत होती: काम नाही तर पैसे नाहीत. माझी पगारी रजा मात्र नोकरीभर मी हक्कानं घेतली.

तेव्हापासून मी माझ्या बचतीच्या दोन बाजू करू लागलो आहे. हंगामात घेतलं, ऊन दिलं, जपून ठेवलं, त्यातून जे वाचलं ते काळाकडून मिळालं. त्यात कुणाचं गेलं नाही. मेथीची जुडी पाडून मागितली, रिक्षावाल्याला वरचे सुटे दिले नाहीत पण माझे बरोबर मागून घेतले, खाडे कापले, त्यातून जे वाचलं ते वाचलं नव्हतंच. ते फक्त एका खिशातून दुसऱ्यात आलं. वहीत दोन्हींपुढं आकडा सारखाच दिसतो, हीच अडचण. आणि सरळ विभागणी होतेच असंही नाही. वैशाखात मला कांदा स्वस्त मिळतो तेव्हा तो विकणाऱ्या शेतकऱ्याला कधी कधी काढणीचा खर्चही सुटत नाही. तो कोणत्या बाजूला लिहू? मी तो अजून कुठंच लिहिलेला नाही.

मी बायकोला म्हणालो, यापुढं मेचे पैसे पूर्ण द्यायचे आणि दिवाळीला एक अख्खा पगार. ती चटणीला मीठ लावत होती. म्हणाली, ‘‘द्यायचेच. पण तुझा उदारपणा नेहमी माझ्या कामावर उभा असतो. क्विंटलभर निवडते कोण? चटणीनं हात भगभगतात कुणाचे? आईच्या कालनिर्णयाचं कौतुक करतोस, त्यात एप्रिलच्या पानावर तुझ्या वडिलांनी काय निवडलं ते लिहिलंय का कुठं?’’

लिहिलेलं नव्हतं. तुकोबांची एक गोष्ट मला तेव्हा आठवली. 1630 च्या दुष्काळानंतर त्यांनी घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे सांगतो. पण त्यांच्या चरित्रात त्याच्या आधीचाही एक प्रसंग येतो: धाकट्या कान्होबाच्या वाट्याची निम्मी खतं त्यांनी आधी वेगळी काढून त्याच्या हवाली केली. बुडवली ती फक्त आपली. दुसऱ्याच्या वाट्यातून विरक्ती दाखवायची नाही, याची ती काळजी होती. काटकसरीलाही हेच लागू पडतं. घरी पापड केले तर स्वस्त पडतात, हे खरं. बाईचे दोन दिवस फुकट धरले तर. आता गहू मी निवडतो. सुपात पाखडता येत नाही, चाळणीनं भागवतो. पापड-कुरडया बचत गटातल्या बायकांकडून घेतो, भाव न करता.

बाकी वर्षाचं फार सांगण्यासारखं नाही. विजेच्या बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त, तीनशेपर्यंत चढा दर, पुढं आणखी चढा; त्यामुळं उन्हाळ्यात पंख्यावर जितकं निभेल तितकं निभवावं. आषाढात भाज्या महागतात तेव्हा कडधान्यं काढावीत. मार्गशीर्षात मटार-गाजर खाऊन घ्यावं. मार्च आला की कर वाचवायला घाईनं नको त्या विम्यात पैसे गुंतवू नयेत, ते काम एप्रिलपासून थोडं थोडं करावं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही, मीही नाही.

दिवाळीला मी मावशींना पगाराएवढं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी त्यातले निम्मेच घेतले. लेकीला ड्रेस घ्यायचा होता. उरलेले म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आत्ता नेले तर जातील. वैशाखात घेईन.’’ मला आईचा डबाच समोर दिसला. त्यांची वस्तीतल्या बारा जणींची भिशी आहे, महिना पाचशेची. तिथं चिठ्ठ्या टाकतात, पण मे आणि जूनचे नंबर चिठ्ठीत घालत नाहीत. जिची पोरं शाळेत, जिच्या घरी नड, तिला ते बोलून दिले जातात. मी चाळीस वर्षं बँकेत काढली. असा नियम आमच्या एकाही परिपत्रकात नव्हता.

या वैशाखात टेम्पोतून दोन पोती उतरली. एक त्यांचं. पैसे त्यांनी मोजून दिले, बाजूला ठेवलेले आणि भिशीचे मिळून. मी टेम्पोचं भाडं सोडतो म्हटलं तर ऐकलं नाही, निम्मं दिलं. अडचण वेगळीच निघाली. दहा बाय दहाची खोली, पत्रा पावसात गळतो. क्विंटलभर गहू ठेवायचा कुठं? त्यांनी तीस किलो नेला आणि उरलेला आमच्या दुसऱ्या कोठीत राहिला. झाकणावर त्यांनी खडूनं आकडा लिहिला, सत्तर. यंदा आम्ही मेमध्ये गेलो तेव्हा खाडे धरले नाहीत. बाकीच्या तीन घरांशी बोललो. एक तयार झालं, दोघांनी विषय बदलला.

तुमच्या घरी मेची तिकिटं निघतील तेव्हा ही बेरीज एकदा करून बघा, आणि काय ठरवाल ते तिला चैत्रातच सांगा, म्हणजे तिला गव्हाचं ठरवता येईल. आषाढात मावशींनी वीस किलो नेला. खडूचा आकडा आता पन्नास आहे.