काडेपेटीची आगगाडी

आपल्या घरांतून वस्तू एकाएकी टाकून दिली जात नाही. ती आधी कामातून जाते, मग नजरेतून जाते आणि शेवटी माळ्यावर किंवा पलंगाखाली जाऊन पडते. दोऱ्याचे रिकामे रीळ, संपलेली रिफिल, औषधाच्या बाटलीचे झाकण, फुटक्या छत्रीची काडी, रिकामी काडेपेटी. मोठ्या माणसांना या अडगळीच्या दोनच वाटा ठाऊक असतात, भंगारवाला आणि उकिरडा. मुलांना मात्र तिसरी वाट दिसते. चार झाकणांची चाके, काडेपेट्यांचे डबे, रिळाचे धुराडे, की आगगाडी तयार! ही तिसरी वाट म्हणजे निव्वळ पोरखेळ आहे, की तिच्यात मोठ्यांनीही चिंतन करावे असे काही आहे, हा या लेखाचा प्रश्न.

लहान आकाराची रेल्वे उभारणे हा छंद जगभर मोठी माणसेही गंभीरपणे जोपासतात. आपल्या महाराष्ट्रात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या या छंदातून पुण्याच्या कोथरूड भागात 1 एप्रिल 1998 रोजी लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. या छंदात 1:87 हे प्रमाण विशेष प्रचलित आहे, म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान करायची. इंजिन आणि रूळ विकत मिळतात व ते महागही असतात, परंतु त्यांच्याभोवतीची सृष्टी घरातल्या चिजांतूनच घडते. रंगवलेल्या भुशाचे गवत होते, वर्तमानपत्राच्या लगद्याचा डोंगर होतो, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती होते, चाळलेल्या रेतीची खडी होते आणि दात कोरण्याच्या काड्यांचे कुंपण होते.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावी तर या कामाला सामग्रीचा तोटा नाही. हा कापसाचा आणि तुरीचा मुलूख. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उभी राहते आणि ती सरपणात जाते. तिची एक वीतभर फांदी मातीत रोवून दुरून पाहा, तो निष्पर्ण वृक्ष वाटतो. तुराटीचे तुकडे रुळांखालचे स्लीपर होतात आणि सरकीतून निघालेला कापूस इंजिनाचा धूर होतो. शिवाय नमुना म्हणून समोर ठेवण्यास या जिल्ह्याचीच एक गाडी आहे. पुलगाव ते आर्वी हा सुमारे 35 किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग 1917 साली सुरू झाला. आता त्यावर गाडी धावत नाही. त्याच्या दोन रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणजे काडेपेटीतील काडीच्या जाडीची चार-पाच पट. जी गाडी नातवाने कधी पाहिली नाही, ती आजोबांच्या आठवणीवरून अंगणात पुन्हा धावू शकते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गरिबीच्या गावात असला उद्योग शोभतो का? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर वर्ध्याच्याच भूमीत आहे. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावंत ख्रिस्ती गृहस्थ होते आणि त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत वर्षानुवर्षे काम केले. तुरुंगवासात त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरही लिहिले आणि टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेवरही. निसर्ग काहीच वाया घालवत नाही, तेव्हा माणसाने त्याच्या चक्रात भागीदार म्हणून जगावे, लुटारू म्हणून नव्हे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. काटकसर ही त्यांच्या दृष्टीने दारिद्र्याची खूण नसून शहाणपणाची खूण होती. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता या अभियंत्याने काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती व विज्ञान शिकवले. पुण्यातील आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून असंख्य खेळणी घडवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गरीब मुलाला खेळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क दुकानावर अवलंबून नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा धोका मात्र आपल्या आतला आहे. जपून ठेवणे आणि साठवून ठेवणे यांतील रेषा फार बारीक असते. चौथ्या शतकातील धर्मपंडित संत बेसिल यांनी आपल्या प्रवचनात धान्याची कोठारे वाढवू पाहणाऱ्या श्रीमंताचा समाचार घेतला. कपाटात पडून असलेले जोडे अनवाणी माणसाच्या मालकीचे आहेत, असा त्यांचा आशय. म्हणून आधी प्रामाणिक निवड करावी लागते. जी वस्तू दुसऱ्याच्या उपयोगाची आहे ती त्याला द्यावी, तीही धडधाकट असताना. फाटके, तुटके, कुजके गरिबाच्या पदरात टाकून त्याला दानधर्म म्हणणे हा गरिबाचा अपमान आहे. कुणाच्याच उपयोगाचे जे उरले, त्याचा विचार इथे चालला आहे.

त्या उरलेल्याचे काय? मराठीत आपण सहज म्हणून जातो, ‘टाकाऊतून टिकाऊ’. शाळांतून याच नावाने हस्तकलेचे तास होतात. शब्दप्रयोग चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे, की वस्तू पुन्हा कामास आली तरच ती वाचली. बाटलीची फुलदाणी झाली, जुन्या लुगड्याची गोधडी झाली, म्हणजे वस्तू पुन्हा नोकरीला लागली. काडेपेटीची आगगाडी या हिशेबात बसत नाही. ती कुणाला कुठे नेत नाही, मालही वाहत नाही. टिकाऊ तर ती मुळीच नाही, पहिल्या पावसात तिचा लगदा होईल. तरीही ती बनवताना मूल तहानभूक विसरते. म्हणजे निरुपयोगी वस्तू दुसऱ्या उपयोगाच्या मार्गाने न जाता आनंदाच्या मार्गाने मोलाची ठरली.

हा फरक लहान नाही. थोर धर्मगुरू रोमानो ग्वार्दिनी यांनी 1918 साली उपासनेवर लिहिलेल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण उपासनेतील क्रीडेवर आहे. काही गोष्टींना व्यावहारिक हेतू नसतो, तरी त्यांना अर्थ असतो, असे ते सांगतात. मुलाचा खेळ असाच आहे आणि देवापुढची उपासनाही. पवित्र मिस्साने पीक वाढत नाही की कर्ज फिटत नाही, तरी आपण रविवारी तिथे जातो, कारण देवासमोर असणे हेच पुरेसे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही शरीराला जशी झोप तसा मनाला खेळ आवश्यक मानला.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत योहान सांगतात, की पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून भाकरी वाढत होती त्याला तुकड्यांची काय गरज? टंचाईपोटी ही आज्ञा झालेली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या तुकड्यांचे पुढे काय झाले, हे संत योहान सांगत नाहीत. उपयोग ठरण्याआधीच ते गोळा झाले. काही गमावले जाऊ नये एवढेच प्रभूला पुरेसे होते.

इथेच आपल्या चिंतनाचा खरा कस लागतो, कारण वस्तूंकडे पाहण्याची सवय माणसांकडे पाहण्याच्या सवयीत उतरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल इशारा दिला, तो वस्तू आणि माणसे या दोहोंना धरून होता. आपण चटकन म्हणतो, ‘म्हातारी माणसेही उपयोगी असतात, नातवंडे सांभाळतात, घर राखतात.’ हेतू चांगला असतो, पण तर्क घातक आहे. ज्या दिवशी आजीला नातू उचलता येणार नाही, त्या दिवशी काय? माणूस हे रिकामे रीळ नव्हे, की त्याला दुसरे काम शोधून दिले म्हणजे त्याचे मोल सिद्ध झाले.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्यामागे शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत्या आणि ते दुःख अजून सरलेले नाही. कर्ज, नापिकी, पडलेला भाव ही कारणे आहेतच, त्यांवर उपायही तसेच रोखठोक हवेत. परंतु त्यांच्या जोडीला एक जीवघेणा विचारही माणसाच्या मनात शिरतो, ‘मी आता घराच्या कामाचा उरलो नाही.’ उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा नेमका हाच विचार घेऊन परततो. मजूर म्हणून ठेवून घ्या, असे सांगण्याची त्याची तयारी आहे, म्हणजे उपयोगाच्या बोलीवर त्याला घरात जागा हवी आहे. पिता ती बोली पुरी होऊच देत नाही. तो झगा मागवतो, अंगठी मागवतो, मेजवानी मांडतो. मुलगा कशाच्या कामाचा, हा प्रश्न त्या घरात विचारलाच जात नाही. आपल्या घरांतून हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, ते ज्याचे त्याने पाहावे.

म्हणून पालकांना एक साधी सूचना. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि कुणी विचारत नाही, की या बैलाने नांगर ओढला का. नाताळात आपण गोठ्याचा देखावा मांडतो. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो गावी साधी गव्हाणी आणि गवत आणून ही प्रथा रुजवली. या वर्षी विकतचा देखावा आणण्याऐवजी घरातली अडगळ मुलांपुढे ओता. पऱ्हाटीची झाडे होऊ द्या, पुठ्ठ्याचा डोंगर होऊ द्या. एखाद्या मुलाने गोठ्याशेजारून काडेपेटीची आगगाडी नेली, तर बेथलेहेमात आगगाडी कुठली, असे म्हणून त्याला अडवू नका. आणि घरातील जे वृद्ध आता काहीच करू शकत नाहीत, त्यांची खुर्ची त्या देखाव्याजवळ मांडा. त्यांच्याकडून काही करून घेण्यासाठी नव्हे. ती जागा त्यांचीच आहे, म्हणून.