वर्गणी परत करा

पालकहो, शिक्षक दिनासाठी घरटी दोनशे रुपयांची वर्गणी कोणाला विचारून काढली? तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी फिरते आहे. पैसे दिलेल्यांच्या नावापुढे बरोबरची खूण, न दिलेल्यांपुढे रिकामी जागा. मुलं ती यादी वाचत नाहीत, असं वाटतं का तुम्हाला? कोणाची जागा रिकामी आहे, हे त्यांना तुमच्याआधी पाठ असतं.

आयुध निर्माणीची ही जवाहरनगर वसाहत ती केवढीशी! कायम नोकरीवाल्याचा मुलगा आणि ठेकेदाराकडे रोजीनं जाणाऱ्याची मुलगी इथे एकाच बाकावर बसतात. मागच्या पाच सप्टेंबरला एक पोरगी शाळेत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणे, पोट दुखत होतं. ते कशानं दुखलं, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

आयुध निर्माणीत नोकऱ्या करता आणि नियम मी सांगायचे? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ काढून वाचा. भेटवस्तूंचा नियम तेरावा. ठेकेदारानं दिवाळीला डबा पुढे केला, तर हात मागे घेता ना? कारण त्याचं बिल तुमच्या सहीसाठी अडलेलं असतं. मग तुमच्या लेकराचा पेपर माझ्या टेबलावर असताना आंधळगावच्या कोशाची साडी माझ्या हातात का कोंबता? ‘प्रेमानं देतोय, मॅडम!’ हे प्रेम बरं नेमकं चाचणीच्या आठवड्यात उतू जातं!

द्यायचंच असेल तर रीत शिकून घ्या. रोख नको, दागिना नको, कपडा नको, मिठाईचा डबाही नको. जे एका घराला झेपतं आणि दुसऱ्याला झेपत नाही, ते वर्गात आणायचं नाही. मुलानं स्वतः लिहिलेली चिठ्ठी द्या, तुम्ही सांगून लिहवलेली नव्हे. ‘अपूर्णांकांचा भागाकार मला आता येतो’ एवढी एक ओळ पुरे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट घेईन. लाल पेन लावणार नाही.

सगळ्या वर्गाला मिळून काही द्यायचं असेल, तर मुख्याध्यापकांना विचारा आणि शाळेच्या ग्रंथालयाला एखादं पुस्तक द्या. आत फक्त वर्गाचं नाव घाला, देणाऱ्यांची यादी नको. पैसे बंद डब्यात जमवा. कोणी पाच टाकले, कोणी पन्नास, कोणी काहीच नाही, हे कोणाला दिसता कामा नये. आणि द्यायचं ते वार्षिक निकाल लागल्यावर. खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि घंटा देणारे काका यांनाही त्या दिवशी चार शब्द बोला. त्यांच्या हातात गुण नाहीत, म्हणून त्यांची आठवण येत नाही ना तुम्हाला?

डॉ. राधाकृष्णन यांच्या वाढदिवसाला आपण १९६२ पासून शिक्षक दिन म्हणतो, वसुली दिन म्हणत नाही. उद्या प्रार्थनेची घंटा होण्याआधी ज्याचे पैसे त्याला परत गेले पाहिजेत. यादी आज रात्रीच काढून टाका. आणि ज्यांच्या नावापुढे जागा रिकामी ठेवलीत, त्यांच्या घरी जाऊन माफी मागा. फोनवर नाही, घरी जाऊन.