उघडे पुस्तक



नोव्हेंबर महिन्यात आपण मृत विश्वासू जनांसाठी मिस्सा अर्पण करतो, दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो. आजोबांच्या कबरीवर प्रार्थना सहज ओठांवर येते. तरुण मुलाच्या कबरीपाशी मात्र पाय जड होतात आणि आधी प्रश्नच येतो, ‘इतक्या लवकर का?’

स्पेनमधील सिग्वेन्सा येथील कॅथेड्रलमध्ये अशाच एका मुलाचे स्मारक आहे. मार्टिन वास्केझ दे आर्से हा उमराव घराण्यातील तरुण १४८६ साली ग्रानाडाजवळच्या लढाईत मारला गेला. वय २५ वर्षे. ख्रिस्ती राजसत्ता आणि मुस्लीम राज्य यांच्यातील त्या युद्धाचा गौरव आपल्याला करायचा नाही. पण कबरीवरील लेखातली एक गोष्ट काळजाला भिडते: मुलाचे शव वडिलांनीच मिळवले आणि आणून पुरले.

त्या काळी सरदाराचा पुतळा बहुधा हात जोडून निजलेला कोरीत. इथे मार्टिन कोपरावर रेलून पुस्तक वाचतो आहे. अंगावर चिलखत, छातीवर लाल क्रूस, पायाशी रडणारा सेवक. घाव कुठेच दिसत नाही. त्याच दालनाच्या मध्यभागी त्याचे आई-वडील चिरविश्रांती घेत आहेत.

बंधू-भगिनींनो, आपण काय करतो? मुलगा दुचाकीवरून पडून गेला, व्यसनाने गेला किंवा त्याने स्वतःच जीवन संपवले, तर गावात तेवढेच बोलले जाते. मग घरातही त्याचे नाव निघेनासे होते. पंचवीस वर्षांचे आयुष्य एका शेवटच्या तासात आपण पुरून टाकतो. शेवटच्या तासाचा न्याय देवाचा आहे, आपला नाही.

नाईन गावाच्या वेशीवर प्रभू येशूने विधवेला पुत्राच्या मृत्यूचे कारण सांगितले नाही. त्याला तिचा कळवळा आला. त्याने तिरडीला हात लावला आणि मुलगा जिवंत करून आईच्या हाती दिला. पुनरुत्थानावरची आपली श्रद्धा ती हीच: प्रभू आपली माणसे आपल्याला परत देणार आहे.

तोवर एवढे करू या. या आठवड्यात अशा एखाद्या आईला भेटू या. ‘का’ आणि ‘कसे’ न विचारता तिच्या मुलाचे नाव घेऊ या आणि त्याची एक चांगली आठवण तिला सांगू या. तिच्यासाठी ते पुस्तक अजून उघडेच आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.