पक्के लायसन्स, कच्चा हात

मराठीत आपण लायसन्स ‘काढतो’. रेशनकार्ड काढतो, पासपोर्ट काढतो, तसेच लायसन्सही काढतो. परीक्षा मात्र आपण ‘पास होतो’. वाहन परवान्यामागे एक परीक्षा असते, ही गोष्ट आपल्या बोलण्यातूनच गळून गेली आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरात पहिला प्रश्न येतो, “लायसन्स काढले का?” गाडी नीट चालवता येते का, हे क्वचितच कोणी विचारते.

दिल्लीत चार अर्थतज्ज्ञांनी या प्रकाराची पद्धतशीर तपासणी केली. मारियान बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लइनाथन यांचा हा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. लायसन्स काढायला निघालेल्या आठशेहून अधिक लोकांचा त्यांनी मागोवा घेतला. ज्यांना लायसन्स मिळाले, त्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी गाडी चालवण्याची परीक्षा दिलीच नव्हती. संशोधकांनी स्वतंत्रपणे परीक्षा घेतली, तेव्हा लायसन्सधारकांपैकी सुमारे ६२ टक्के अपात्र ठरले. पैसे घेऊन परीक्षाच टाळून देणे, हे तिथल्या एजंटचे खरे काम होते.

आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळ्या वाटेनेही ठाऊक आहे. रायगड-रत्नागिरीतली कितीतरी मुले आखातात नोकरीला जातात. दुबईत भारतीय लायसन्स दाखवून तिथले लायसन्स सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. गावाकडे एका फेरीत पक्के लायसन्स मिळालेला मुलगा तिथे पार्किंगमध्ये, मग रस्त्यावर नापास होतो, पुन्हा फी भरतो, पुन्हा शिकतो. हात तेच, पाय तेच. बदलली ती फक्त तपासणाऱ्याची नजर. मग गावच्या लायसन्सवर जे लिहिले होते, ते काय होते?

माझ्या मते ती एक शहादत होती, साक्ष होती. लायसन्स म्हणजे अनोळखी माणसांना दिलेली हमी: या माणसाच्या हाती वाहन दिले तर तुमच्या जिवाला धोका नाही. इस्लामने खोट्या साक्षीला मोठ्या गुन्ह्यांत गणले आहे. कोर्टात उभे राहून खोटे बोलायला आपल्यातला सामान्य माणूस कचरतो. पण लायसन्ससाठी तीच खोटी साक्ष तो विकत घेतो, कोणी तरी ती विकतो, आणि दोघांनाही रात्री शांत झोप लागते. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. पुतण्याच्या जागी चाचाने उत्तरे दिली, तर पाहणारे कोण? पण कोणी पाहत नसतानाही आपल्याला पाहिले जात आहे, ही जाणीव हाच तर ईमानचा गाभा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रिक्षावाला, टेम्पोवाला, घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा यांचे पोट लायसन्सवर आहे. कचेरीत दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. ते एजंटकडे गेले तर त्यांना गुन्हेगार कसे म्हणायचे? इथे फरक करावा लागेल. फॉर्म भरून घेण्याचे, रांग वाचवण्याचे पैसे देणे वेगळे आणि परीक्षा चुकवण्याचे पैसे देणे वेगळे. गरज रांगेतून सूट मागू शकते. दुसऱ्याच्या जिवावर बेतेल अशी सूट ती मागू शकत नाही.

अर्थात, प्रामाणिकपणे पास झाला म्हणजे चालक तयार झाला, असेही नाही. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष परीक्षेत निम्म्याहून थोडे कमीच उमेदवार पास होतात, तरीही तिथले कायदे नव्या चालकावर विश्वास टाकायला घाई करत नाहीत. १९९५ च्या कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा गुण झाले की लायसन्स रद्द होते आणि सारी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. कारण उघड आहे. गिअर बदलणे महिन्याभरात येते. पावसात ब्रेक किती आधी दाबावा, समोरच्या वळणामागे काय असेल, ही समज सवयीने येते. मधल्या काळात हाताला चटक लागलेली असते आणि डोळा कच्चा असतो.

आपल्याकडे तर कच्च्या डोळ्याला शाबासकी मिळते. शब-ए-बरातच्या रात्री मोटारसायकली उधळणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी मुंबई पोलिसांना नाकाबंदी करावी लागते. इबादतीची ती रात्र. त्यातल्या कित्येकांना लायसन्स काढण्याचेही वय नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण चावी देणारा हात शेवटी घरातलाच असतो.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला सुमारे ४६०. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. मय्यतीला जमलेले लोक म्हणतात, “वेळ भरली होती.” मृताच्या घरच्यांना धीर द्यायला हे बोल ठीक आहेत. चालकाने ते आपल्या बचावासाठी वापरावेत, याला मात्र आधार नाही. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. शरियतमध्ये चुकून झालेल्या हत्येलाही, कत्ल-ए-खताला, मोकळे सोडलेले नाही. वारसांना दियत द्यायची आणि कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करायचा. ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे. नियत वाईट नव्हती एवढ्याने हिशेब मिटत नाही. मग शिकलोच नाही, तरी शिकल्याचा कागद घेऊन रस्त्यावर उतरलो, तर ‘चुकून’ हा शब्द तरी कितपत खरा उरतो?

अल्लाह आपल्या हक्कातले गुन्हे माफ करू शकतो. हक्कुल इबादचा हिशेब मात्र ज्याचे नुकसान झाले त्याच्याशीच मिटवावा लागतो. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या त्या अनोळखी माणसाने आपले लायसन्स कधी पाहिलेले नसते, पाहणारही नसतो. ते खरे आहे, एवढेच तो धरून चाललेला असतो. तो गेल्यावर माफी मागायची तरी कोणाकडे?