जोडीतला मोठा कोण?

दिवाळीला घर भरले की आमच्या धारूरच्या ओसरीवर वादाला तोटा नसतो. चकली कुणाची कुरकुरीत, इथपासून देशाचे काय होणार, इथपर्यंत सगळे विषय चहाच्या एका आधणात उकळून निघतात. यंदाच्या वादाला मात्र आरंभ झाला तो दूरच्या रोम शहरापासून. दादाचा नातू पुण्याहून आला होता. अभ्यंगस्नान आटोपून, फराळाचे ताट पोटाशी घेऊन तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत बसला होता. मध्येच पुस्तक मिटून त्याने मला विचारले, "लहान आजोबा, दोन नायक असले तर त्यांतला मोठा कोण, हे लेखकानं सांगायला नको का?"

मी जन्मभर मास्तरकी केलेली. प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी प्रश्न कुठून आला ते पाहण्याची खोड जडलेली. म्हणून त्याला आधी पुस्तकाची हकीकत सांगायला लावली. सायमन स्कॅरो नावाच्या इंग्रज लेखकाने २००० साली 'अंडर द ईगल' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यापुढे एक लांबलचक मालिका गुंफली. तिचे नायक दोन. मॅक्रो हा रोमन फौजेतला मुरलेला शिपाईगडी, रांगडा, अनुभवाने शहाणा झालेला. कॅटो हा पोरसवदा, पुस्तके वाचलेला, हातात तलवार धरायचीही सवय नसलेला. पहिल्या पुस्तकात मॅक्रो शिकवतो आणि कॅटो शिकतो. पण मालिका पुढे सरकते तसा कॅटो हुद्द्याने चढत जातो आणि एक दिवस ज्याने शिकवले त्यालाच हुकूम देण्याच्या जागी जाऊन बसतो.

"मग मॅक्रो नुसता सोबतीला उरतो," नातू म्हणाला. "हा त्याच्यावर अन्याय नाही का?"

पोराच्या प्रश्नाने मी जरा चपापलो. कारण प्रश्न कादंबरीचा असला तरी त्याचे टोक कादंबरीबाहेर आलेले होते.

अशा जोड्यांची कुळी शोधत गेले तर ती खुद्द ज्युलियस सीझरपर्यंत जाऊन भिडते. गॉलच्या युद्धाचा जो वृत्तांत त्याने लिहिला, त्यात इ. स. पूर्व ५४ मधल्या एका वेढ्याचा प्रसंग आहे. नर्व्ही लोकांनी रोमनांच्या हिवाळी छावणीला वेढा घातला होता. छावणीत पुलो आणि वोरेनस या नावांचे दोन शतनायक होते. दोघांतले एकमेकांहून वरचढ होण्याचे भांडण दरवर्षी ठरलेले. लढाई ऐन रंगात आली असता पुलो तटाबाहेर पडून शत्रूवर तुटून पडला. लोक मला काय म्हणतील, या भयाने वोरेनसही पाठोपाठ धावला. शत्रूचा भाला पुलोच्या ढालीतून आरपार येऊन पट्ट्यात रुतला, म्यान बाजूला सरकले, तलवार उपसता येईना. तेव्हा त्याला सोडवायला आला तो त्याचा वैरी वोरेनसच. पुढे वोरेनस एका खळग्यात पडून वेढला गेला, तेव्हा पुलोने त्याला वाचवले. दोघेही जिवंत परतले. यांत अधिक शूर कोण, याचा निवाडा करता येत नाही, असे सांगून सीझर मोकळा होतो.

सीझरसारखा माणूस निवाडा करायला कचरावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. जन्मभर दुसऱ्याला पहिल्या जागेवरून खाली उतरवण्यात ज्याची हयात गेली, तोच इथे दोन माणसांचे तराजूचे पारडे समान धरून थांबतो. पण जरा विचार केला तर कळते की त्याला थांबणे सोपे होते. त्या दोघांची गोष्ट त्याने अवघ्या एका प्रसंगापुरती सांगितली. गोष्ट लांबली असती, दोघांपैकी एकाला बढती द्यावी लागली असती, म्हणजे मग सीझरचीही परीक्षाच होती.

आपल्याकडे ती गोष्ट लांबली. संताजी आणि धनाजी ही नावे मराठी माणूस एका दमात घेतो. मोगलांची घोडी पाणी प्यायला बुजत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका माझ्या आजीने मला सांगितली आणि मी वर्गात पोरांना सांगितली. सांगताना दोन माणसांचे मी एकच माणूस करून टाकीत असे. इतिहास मात्र तितका सोपा नाही. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. राजा तिकडे, मुलूख इकडे, मध्ये औरंगजेबाची अफाट फौज, अशा वेळी हे दोघे सरदार उभे राहिले. १६९२ च्या डिसेंबरात जिंजीच्या वेढ्यावर दोघे चालून गेले. संताजीने कांचीच्या बाजूला अलीमर्दानखानाला धरले आणि धनाजीने जिंजीपाशी इस्माइलखान मका याला. एकाच महिन्यात दोघांचे दोन बंदिवान! जणू नियतीनेच पारडी मोजून धरली होती.

पण १६९५ च्या नोव्हेंबरात दोड्डेरीला संताजीने कासीमखानाला फौजेसह कोंडले. खान तिथेच मेला आणि उपाशी फौजेने खंडणी देऊन जीव सोडवला. पुढल्या जानेवारीत हिंमतखान पडला. संताजीचे पारडे भराभर खाली जाऊ लागले. त्याच वर्षी राजाराम महाराजांशी त्याचे बिनसले, आणि महाराजांच्या बाजूने त्याच्यासमोर उभा राहिला तो धनाजी. ती लढाई संताजीने जिंकली. तीत हाती लागलेल्या अमृतराव निंबाळकराला त्याने हत्तीच्या पायी दिले. १६९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा दोघांची गाठ पडली, तेव्हा संताजीचीच माणसे त्याला सोडून धनाजीकडे गेली. एकटा पडलेला संताजी शंभूमहादेवाच्या डोंगराच्या आश्रयाला गेला आणि त्या जूनमध्ये नागोजी मान्याच्या हातून मारला गेला. नागोजीची बायको त्या अमृतरावाची बहीण होती.

आता सांगा, मोठा कोण? संताजीची शिस्त कडक. क्षुल्लक चुकीलाही तो जबर शिक्षा करी. त्या शिस्तीवाचून दोड्डेरी घडली नसती. धनाजी माणसे सांभाळून घेणारा. त्या हातोटीवाचून संताजीनंतर फौज एकत्र राहिली नसती आणि १७०६ साली गुजरातेत रतनपूरला त्याने मोगलांचा धुव्वा उडवला, तो दिवसही उगवला नसता. एकाने लढाई जिंकावी आणि दुसऱ्याने लढणारी माणसे टिकवावी, असा तो जोड होता. हा जोड तुटला त्याचे कारण दोघांपैकी कुणी लहान होता हे नसून, दोघांना धरून ठेवणारे जे काही होते ते निसटले हे होय, असे मला वाटते. तशातही शत्रूची सगळी फौज जे करू शकली नाही ते आपल्यातल्या मोजामोजीने केले, ही गोष्ट उरतेच.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ही अडचण बहुधा टाळली आहे. 'स्वामी' (१९६२), 'श्रीमान योगी' (१९६८), 'छावा' (१९७९) ही नुसती नावे घेतली तरी कळते, की गादी एक आणि तिच्यावर बसणारा एक. एक नायक घेतला की बाकीच्यांना त्याच्या उजेडात उभे करता येते. तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले आणि पळत्या मावळ्यांना माघारी वळवले, असे परंपरा सांगते. म्हणजे सिंह गेल्यावर गड आणला तो सूर्याजीने. पण त्याच्या वाट्याला गोष्टीतली एक ओळ येते. यात कुणाचा दुष्टावा नाही. आपल्या मनाला एका वेळी एकालाच हार घालण्याची सवय आहे, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, मग नावे जोडूनच घ्यावी. संताजी-धनाजी म्हणावे आणि वाद मिटवावा. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पण आमच्या धारूर तालुक्यात राहणाऱ्याला हे समाधान फार काळ पुरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादम हिशेब करतो तो कोयत्यांचा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. तो ऊस तोडतो, तीही तोडते. पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि पहाटे उठून भाकरीही तीच थापते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर. जोडीचे नाव एक झाले, आणि त्या एका नावात एक माणूस बुडून गेले. संताजीला धनाजीच्या वर ठेवणे हा जर अन्याय, तर दोघांना एक म्हणून त्यांतल्या एकीला मोजायचेच विसरणे हा त्याहून सूक्ष्म अन्याय होय. पहिल्यात निदान भांडायला जागा असते. दुसऱ्यात तीही नाही.

मी हे सारे नातवाला समजावून सांगत होतो. दादा पायरीवर बसून पणत्यांच्या वाती वळत होता. तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. पुस्तकांच्या वाटेला कधी गेला नाही. तो वर न पाहताच म्हणाला, "मोठा बैल कोण, हे इचारून नांगर चालत नसतो. जू कुठं बांधलंय ते बघावं लागतं."

नातवाला काही कळेना. तेव्हा दादाने एक काडी घेऊन दाखवले. दोन बैलांच्या मानेवर जू असते, आणि नाड्याने ते नांगराला बांधतात. दोघे सारख्या ताकदीचे असले तर नाडा बरोबर मधोमध. पण एक जबर आणि एक नरम असला, तर नाडा जबर बैलाच्या बाजूला चार बोटे सरकवायचा. मग त्याची बाजू आखूड होते आणि ओझे त्याच्यावर अधिक येते. नरम बैलाची बाजू लांब होते आणि त्याला हलके जाते. जू सरळ राहते, तास वाकडे पडत नाही. पाहणाराला वाटते, दोघे सारखेच ओढताहेत.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" नातवाने विचारले.

"गरज पडली," दादा म्हणाला, आणि पुन्हा वाती वळू लागला.

ती गरज कशी पडली ते मला ठाऊक होते. १९६८ साली मला अंबाजोगाईला शिकायला पाठवायचे ठरले, तेव्हा दादाने जोडीतला एक बैल विकला. उरलेल्या बैलाशेजारी मामांचा म्हातारा बैल जुंपून त्याने ते सबंध वर्ष काढले. नाडा चार बोटे सरकवायला तो तेव्हा शिकला. आणि त्याने नाडा केवळ जुवावरच सरकवला नव्हता. आमच्या घराच्या जुवावरही तो सरकवला होता. आखूड बाजू स्वतःकडे घेतली होती. गावाला मात्र दोघे भाऊ सारखे ओढताना दिसले. पुढे तर मीच दिसलो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी चांगले अर्धा तास बोललो. कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास सांगितला, पायी केलेला प्रवास सांगितला, स्वकष्ट हा शब्द तर तीनदा वापरला. दादा शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता. आमच्या दाराच्या चौकटीवर आजही गुरुजी म्हणून माझेच नाव आहे.

तेव्हा मॅक्रोवर अन्याय झाला का, याचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते. कॅटो पुढे गेला यात अन्याय नाही. शिकवणाऱ्याचे सार्थक त्यातच असते. बरोबरी म्हणजे समतोल नव्हे, आणि नरमाला लांब बाजू मिळणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अन्याय होतो तो पुढे. नाडा कुणी सरकवला हे लांब बाजूचा बैल विसरतो तेव्हा, आणि आखूड बाजूच्याला कुणी न विचारताच तिथे बांधले असेल तर तेव्हाही. दादाने आपण होऊन ती बाजू घेतली. कोयत्यातल्या बाईला कुणी विचारले होते?

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मी नातवाला माझ्या शिक्षणाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ती बैलापासून सुरू केली. पोर मन लावून ऐकत होते. मामांचा म्हातारा बैल आला तिथे दादाने मला थांबवले.

"म्हातारा नव्हता रे तो," दादा म्हणाला. "कोवळा होता. त्याला जुवाची सवय नव्हती."

सत्तावन्न वर्षे मी तो बैल म्हातारा समजत होतो. एवढी दुरुस्ती करून घेतली आणि गोष्ट पुढे सांगू लागलो.